डावी बेटकुळी

भोपाळच्या अशोका गार्डनमधला माझा शिंपी दर खेपेला तेच विचारतो. आधी माझ्या डाव्या दंडाला टेप गुंडाळतो, मग उजव्याला, मग पुन्हा डाव्याला, आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघतो. "साहब, आप लेफ्टी हो क्या?" मी नाही म्हणतो. "तो फिर ये बायाँ बाज़ू आधा इंच ज़्यादा कैसे?" अरे बाबा, पंचाहत्तरीला आलेल्या माणसाचे दंड एवढे कशाला मोजायचे? बाही जरा सैल ठेव आणि मोकळा हो! पण तो पडला कसबी माणूस, त्याला अर्धा इंच झोप लागू देत नाही. मी काहीतरी थातुरमातुर सांगून सुटका करून घेतो. खरं कारण सांगायचं तर त्याला मशीन बंद करून, चहा मागवून बसावं लागेल, आणि मलाही अंगात टाचण्या टोचलेला शर्ट घालून ते सांगता येणार नाही. म्हणून इथं लिहून ठेवतो.

आम्ही कारखान्याच्या टाउनशिपमध्ये राहायचो. आम्ही म्हणजे नाना, आई आणि मी. ताईचं लग्न होऊन ती नागपूरला गेली होती. नाना म्हणजे माझे वडील. वर्ध्याकडच्या खेड्यातून ते भोपाळच्या कारखान्यात नोकरीला आले आणि बॅलन्सिंगला लागले ते रिटायर होईपर्यंत तिथंच. बॅलन्सिंग म्हणजे काय, हे मला शाळेत कुणाला नीट सांगता यायचं नाही. त्या कारखान्यात बैलगाडीपेक्षा लांब असे लोखंडी रोटर व्हायचे, स्वतःभोवती गरागरा फिरणारे. त्यांच्या एका अंगाला मूठभर लोखंड कमीजास्त झालं तरी फिरताना ते थरथरायला लागतात. नानांचं काम असं, की रोटर कुठं हलका आहे ते शोधायचं आणि तिथं नेमकं तेवढं वजन लावायचं. दिवसभर हेच करून आलेला माणूस घरी कसा असणार? ताटात मीठ वाढलं की समोरच्या बाजूला लिंबू हवंच. भिंतीवरच्या देवाच्या तसबिरी ते येता जाता बोटानं सरळ करायचे.

आता ते क्वार्टर आठवलं की आधी धुकं आठवतं. हिवाळ्यातली सकाळ, खिडकीबाहेर निलगिरीची झाडं बुंध्यापासून वर नाहीशी झालेली, कुठंतरी मोर ओरडतोय, आणि मग कारखान्याचा भोंगा. तो भोंगा कानांनी ऐकायचा नसायचाच, तो छातीत वाजायचा. भोंग्यामागून सायकलींचा आवाज यायचा, शेकडो सायकलींचा, एकही माणूस दिसायचा नाही, नुसती चेनची सळसळ आणि अधूनमधून घंटी, जणू धुकंच कामाला निघालंय. मी पांघरुणात पडून नानांची सायकल त्यातून ओळखायचा प्रयत्न करायचो. स्वयंपाकघरात आई पोहे परतत असायची. वरून शेव घालायची, कारण भोपाळात राहून पोह्यांवर शेव नाही घातली तर शेजारी नावं ठेवतात. अजूनही कुठं फोडणीत मोहरी तडतडली की मी क्षणभर सोळा वर्षांचा होतो आणि मला शाळेला उशीर झालेला असतो.

आमचं घर वरच्या मजल्यावर होतं. जिन्याला अठरा पायऱ्या, नऊ आणि नऊ, मध्ये एक वळण. खाली खानचाचा आणि चाची. चाचा फिटर होते आणि तरुणपणी आखाड्यात गेलेले. चाची आईची जिवाभावाची मैत्रीण, पण दोघींत एक कायमचं भांडण होतं ते अळूवरून. आईनं खालच्या नळाच्या सांडपाण्यावर अळू लावलं होतं. आईला त्याची पानं हवीत, वड्या करायला. चाचीला त्याचे कंद हवेत, रस्सेदार सालन करायला. "भाभी, पत्ते भी कोई खाता है?" चाची म्हणायची. आई म्हणायची, "मूळच खणून खाल्लंस तर पुढच्या वर्षी काय खाशील, माती?" मग दोघी तिथंच चूळ भरायच्या नळाशी बसून हसायच्या. खालची ती हातभर हिरवी पट्टी आईचं माहेर होती म्हणा ना. दुपारी कामं आटोपली की ती खाली उतरायची, ती उन्हं कलल्यावर वर यायची.

आणि मी? मी काडीपैलवान. अर्ध्या बाहीच्या शर्टातून माझे हात घंटेच्या दोरीसारखे लोंबायचे. पिपलानीच्या बाजारात एका केशकर्तनालयात दंड फुगवलेल्या एका अनोळखी माणसाचं चित्र लावलं होतं. त्याच्या दंडावरची बेटकुळी बघत मी कितीतरी वेळ नंबराची वाट बघितली आहे, कधी कधी मुद्दाम दुसऱ्याला पुढं जाऊ दिलं आहे. मग मी घरीच सुरुवात केली. मोरीतली लोखंडी बादली अर्धी भरायची, कडीत हात घालायचा, कोपर अंगाला चिकटवून बादली खांद्यापर्यंत आणायची. समोर खिडकीच्या गजाला नानांचा दाढीचा आरसा लटकवलेला असायचा, तळहाताएवढा. त्यात माझा एकच दंड मावायचा, उजवा. तुम्ही हसाल, पण मी चार महिने त्या आरशात दिसणारा दंड वाढवला! डावा दिसतच नव्हता, तर त्याला कोण विचारतो? तो आपला टॉवेल धरायला. उजव्या दंडात बेटकुळी आली, खरोखरची आली, हात वळवला की टुणकन उडी मारायची. मी उकाडा नसला तरी उजवी बाही गुंडाळून हिंडायला लागलो. चाचांनी एकदा खास भोपाळी हाक मारून जिन्यात अडवलं. "को खां, डोला तो बना लिया. दूसरा वाला कब आएगा, अगली ट्रेन से?" मी कानकोंडा होऊन वर पळालो. खरं तर तेव्हाच शहाणं व्हायला हवं होतं.

भर पावसाळ्यात आई नळापाशी शेवाळावरून घसरली. नडगीचं हाड मोडलं. दवाखान्यातून तिला मांडीपर्यंत प्लॅस्टर घालून आणलं, तेव्हा चार माणसांनी स्ट्रेचरवरून जिना चढवलं. इमारतीतली झाडून सगळी माणसं दारात उभी. आईनं पदरानं तोंड झाकून घेतलं होतं. वर पलंगावर ठेवल्यावर ती नानांना म्हणाली, "हे शेवटचं. आता चौघांच्या खांद्यावरून एकदाच जाईन, आणि तेव्हा मला लाज वाटायची नाही." ती एकदा बोलली की बोलली. चाचांनीही हात लावायचा नाही, परक्या पुरुषाचा हात नको. म्हणजे राहिलो नाना आणि मी. ताई पंधरा दिवस राहून गेली आणि मग स्वयंपाक आम्हा दोघांवर आला. नानांची पोळी कधी गोल झाली नाही, पण जाडी मात्र सगळीकडून अशी सारखी, की आई पलंगावरून हातात धरून उजेडाकडे बघायची आणि म्हणायची, "इन्स्पेक्शन पास."

दीड महिन्यानं डॉक्टर घरी येऊन पाय तपासून म्हणाले, हाड जुळत नाहीये, पुन्हा प्लॅस्टर, आता होळीपर्यंत. त्या संध्याकाळी मी चहा दिला तेव्हा आई खिडकीकडे बघत म्हणाली, "आभाळ खिडकीएवढं झालंय रे माझं. एकदा मला खाली उन्हात न्याल का? अळू आहे की गेलं तेवढं बघते." आईनं स्वतःसाठी काही मागितल्याचं मला त्याआधीचं आठवत नाही. माझी छाती फुगली. मनात म्हटलं, एवढंच ना? हे दंड कशासाठी कमावलेत?

नानांनी वेताच्या बैठकीची लाकडी खुर्ची घेतली, प्लॅस्टरचा पाय सरळ राहावा म्हणून पुढं पाट बांधला. ते खालच्या बाजूला, खुर्चीचे पुढचे पाय धरून. मी वर, पाठीचे दोन्ही दांडे धरून. "दोन्ही हातांनी सारखं धर," नाना म्हणाले. "धरलंय," मी म्हटलं. पहिल्या नऊ पायऱ्या फुशारकीत उतरलो. मग वळण आलं. खुर्ची वळवताना सगळा भार माझ्या डाव्या हातावर आला, आणि डाव्या हातानं मला दगा दिला. दगा कसला, त्याला कधी काही शिकवलंच नव्हतं मी. कोपरापासून तो थरथरला आणि उघडला. खुर्ची कठड्याकडे कलंडली. आईनं कठडा धरला, नानांनी गुडघा टेकून खालून खुर्ची पेलली, आणि कुणाला काही लागलं नाही. जीव भांड्यात पडला म्हणावं, तर तेवढ्यात आईनं मान वळवली आणि मी तिचा चेहरा पाहिला. ती रागावली नव्हती. ती घाबरली होती. माझ्या हातात असताना माझी आई घाबरली होती! नानांनी तिला पुन्हा उचलायला हात पुढं केले, तर ती म्हणाली, "नको. लावू नका हात." मग त्या नऊ पायऱ्या ती बसून चढली. पाठमोरी, दोन्ही तळहात वरच्या पायरीवर टेकून, अंग उचलून, प्लॅस्टरचा पाय मागून ओढत. एक पायरी, मग थांबायची, मग दुसरी. मी वर दाराशी उभा होतो आणि मला तिच्याकडे बघवत नव्हतं, आणि नजरही काढवत नव्हती. आत गेल्यावर इतकंच म्हणाली, "आता पाय बरा झाल्याखेरीज मी जिन्याचं नाव काढणार नाही. तुम्हीही काढू नका."

इतकी वर्षं झाली, माझ्या हातून याहून मोठ्या चुका झाल्या, त्यांची माफीही मिळाली. पण लाज म्हटली की मला तो जिनाच आठवतो.

तिसऱ्या दिवशी नाना पहिल्या पाळीवरून आले, कपडेही बदलले नाहीत, आईच्या शिवणाच्या डब्यातली टेप घेतली आणि मला दिव्याखाली उभं केलं. उजवा अकरा इंच. डावा दहा. "एका इंचाचा फरक!" ते असे म्हणाले, जणू मी चोरी करताना सापडलो होतो. "असा रोटर आमच्याकडे आला तर आम्ही जवळसुद्धा उभे राहत नाही." मग म्हणाले, "काळजी करू नकोस. हलक्या बाजूला वजन लावायचं, एवढंच तर असतं." कारखान्यातला साधा वायसरसुद्धा ते घरी आणत नसत, म्हणून वजनासाठी गहू काढला, करोंदच्या मंडीतून आणलेल्या वर्षाच्या पोत्यातला. त्याच्या पिशव्या आईनं शिवल्या, जुन्या गादीच्या कापडाच्या, पलंगावर पडल्या पडल्या. कशासाठी, हे तिनं विचारलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही. किलोभर गव्हाची पिशवी माझ्या डाव्या मनगटाला बांधली गेली, ती दिवसभरासाठी. जेवतानाही. शाळेतही! गणिताच्या मास्तरांनी विचारलं तर मी मुरगळल्याचं सांगितलं. उजव्याला पूर्ण सुट्टी. बादली फक्त डाव्यानं उचलायची. असा दंड कमावायचा प्रकार बॅलन्सिंगवाल्याच्या घरीच होऊ शकतो, दुसऱ्या कुणाला सुचायचाही नाही. मला सगळं पटत होतं. रोज भिजवलेले चणे आणि गूळ खाऊन मी पहाटे मोरीत उभा राहायचो आणि बाहेर धुक्यात सायकली वाहत असायच्या.

त्या पहाटांचं काय सांगू! अर्धा झोपेत, अर्धा जागा. बादली वर जायची, पाणी काठाशी डुचमळायचं, कडी कुरकुरायची, बादली खाली यायची. माझा श्वास आरशावर धुकं धरायचा आणि त्यात मी दिसेनासा व्हायचो. मोरीच्या पातळ भिंतीपलीकडे आईचा पलंग होता. ती जागी असायची हे मला ठाऊक होतं, कारण तिच्या बांगड्या वाजायच्या.

महिना, सव्वा महिना गेला. टेप म्हणाली, उजवा अकराला थोडा कमी, डावा अगदी तेवढाच. नानांनी दोनदा मोजलं आणि आईच्या खोलीच्या दारात जाऊन उभे राहिले, पगारवाढ सांगायला आल्यासारखे. "झाले समान. आता चल खाली."

"नाही," आई म्हणाली.

"अगं, टेपेनं मोजलंय!"

"तुमच्या टेपेचं मला सांगू नका. रोज पहाटे ऐकतेय मी. पूर्वी उजव्या हातात बादली असायची तेव्हा वर जाताना कडी एकदा कुरकुरायची, सरळ. ह्याच्या डाव्याला ती चारदा कुरकुरते. थरथरतोय तो हात अजून. मापाला भरला असेल, पण मी नाही बसायची."

नाना पलंगाच्या पायथ्याशी बसले. मग कपाळावर हात मारून हसायलाच लागले. कारखान्यात ते रोज काय करत? फिरत्या रोटरच्या बेअरिंगला लाकडी काठी टेकवून तिचं दुसरं टोक कानाला लावत. थांबलेला रोटर तोलात दिसतो, पण फिरायला लागल्यावर खरं काय ते कळतं, हे नव्या पोरांना शिकवणारा हा माणूस घरी माझे थांबलेले दंड मोजत बसला होता. तरी खात्री करावी म्हणून आम्ही खुर्चीत गव्हाचं पोतं बसवलं आणि जिना उतरलो. वळणावर खुर्ची पुन्हा कलली. पोतं आईपेक्षा धीराचं होतं, काही बोललं नाही.

मग व्यायामांची खरी निवड सुरू झाली. नाना आणि चाचा खालच्या ओट्यावर बसले, आणि मी पुढं उघडा उभा, बाजारातल्या कोंबड्यासारखा. चाचांनी माझा दंड पुढून दाबला, मागून दाबला. "डोला आगे से दिखता है, भाईसाहब, बोझ पीछे वाला उठाता है. पीछे तो कुछ है ही नहीं इसके." म्हणून दोन खाटांमध्ये हात टेकून अंग खाली सोडायचं आणि वर उचलायचं, हे दंडाच्या मागच्या बाजूसाठी आलं. खालच्या पेरूच्या फांदीला तळवे स्वतःकडे करून लोंबायचं आणि हनुवटी फांदीवर आणायची, हे दोन्ही दंडांनी मिळून काम करावं म्हणून. बादली दोन प्रकारे उचलायची, एकदा तळवा आभाळाकडे करून, आणि एकदा अंगठा वर ठेवून, कारण खुर्चीचा दांडा माणूस अंगठा वर ठेवूनच धरतो. उचलताना घाई चालेल, उतरवताना नाही. "उतारने में ही आदमी का पता चलता है," चाचा म्हणाले. आणि नानांनी आपली चूक सुधारून एक नियम घातला: सुरुवात डाव्यानं, आणि डाव्याला जितक्या वेळा जमेल तितक्याच वेळा उजव्यानं. उजव्यात ताकद उरली तर उरू दे. त्यानं थांबायचं.

हा नियम फार जड गेला मला, खरं सांगतो. आठव्या खेपेला डावा थकायचा आणि उजवा अजून पंधरा काढू शकला असता. आपल्या चांगल्या हाताला रोज थांबवायचं, दुबळ्याची वाट बघायची, सोळाव्या वर्षी हे कुणाला आवडेल? मनगटाची पिशवी सुटली, तिच्यातले गहू दळणात गेले. आता मोजमाप बंद होतं. आता आई होती. भिंतीपलीकडून कधी आवाज यायचा, "दोनदा चुकला." कधी "घाई करतोस." आणि कितीतरी दिवस नुसत्या बांगड्या. बादलीत आधी पाच तांबे पाणी होतं, ते सहा झालं, सात झालं. दिवाळी होऊन गेली, ती घरात जेमतेम एक पणती लावून. खिडकीतलं आभाळ फिकट झालं, निळं झालं, पुन्हा धुक्यात गेलं. आईचा चेहरा उन्हावाचून पांढुरका पडत चालला होता, आणि तो बघितला की मी एखादी खेप जास्त मारायचो, आधी डाव्यानं.

संक्रांतीच्या दोन दिवस आधीची पहाट असेल. मी डाव्याच्या खेपा संपवल्या, उजव्याच्या संपवल्या, पुन्हा डाव्याच्या घेतल्या. नाना बाहेर चुलीपाशी दाढीचं पाणी तापवत होते. भिंतीपलीकडून आई म्हणाली, "आत्ता कुठला हात होता रे?"

मी बादली हातातच धरून उभा राहिलो. तिला कळलं नव्हतं. इतके महिने कडीच्या आवाजावरून हात ओळखणाऱ्या बाईला कळलं नव्हतं! "डावा," मी म्हटलं. नाना आत आले, गालाला साबणाचा फेस, हातात ब्रश तसाच. आम्ही दोघं भिंतीकडे बघत राहिलो. मग आई म्हणाली, "संक्रांतीला ऊन चांगलं असतं. माझी ती निळी शाल काढून ठेवा."

खाली काय झालं ते आधी सांगून टाकतो. ऊन चांगलंच होतं. चाचीनं गाजराचा हलवा केला होता आणि इमारतीतल्या बायकांना बोलावून ठेवलं होतं, आईला न सांगता. अळू जिवंत होतं, थंडीनं खुरटलेलं, चार पानांचं, पण जिवंत, कारण चाचीनं सगळा हिवाळा त्याला पाणी घातलं होतं आणि एकही कंद खणला नव्हता. "मैंने सोचा, तुम नहीं हो तो लड़ूँगी किससे," ती म्हणाली, आणि दोघी रडल्या. आईनं चांगला पाय चपलेतून काढून गवतावर टेकला आणि दुपारपर्यंत तो तिथून हलवला नाही. सगळ्यांना तिळगूळ वाटला. मला देताना माझ्या डाव्या दंडाची बेटकुळी अंगठ्यानं दाबून बघितली, पेरू पिकलाय का बघतात तशी, आणि दोन लाडू दिले. होळीला प्लॅस्टर निघेपर्यंत आम्ही तिला आठवड्यातून दोनदा खाली नेत राहिलो. नानांचा नियम मी मात्र पुढं मोडला. खेपा सारख्या करायच्या असत, मी डाव्याला रोज एक जास्त घालत राहिलो, कितीतरी वर्षं. त्याचं मी देणं लागत होतो असं मला वाटायचं. शिंप्याला सापडतो तो अर्धा इंच हा.

पण मनात राहिलंय ते खाली पोचण्याआधीचं. नाना खालच्या पायरीवर, मी वर, खुर्चीत निळ्या शालीतली आई. पहिल्या पायरीपासून तिनं डावा हात शालीबाहेर काढून ठेवला होता. कठड्याला लावला नव्हता, पण बोटं उघडी, कठड्यापासून वीतभर. मी तिचा चेहरा बघू शकत नव्हतो, मला दिसत होता तो भांग आणि तो हात. एकेक पायरी उतरताना तो हातही कठड्याच्या बाजूनं एकेक पायरी खाली येत होता. नववी पायरी संपली. वळण आलं. जिन्याच्या झरोक्यातून ऊन आत आलं होतं आणि त्यात धूळ सावकाश फिरत होती. नाना खालून म्हणाले, "वळायचं?" मी म्हटलं, "वळा." भार सरकत सरकत माझ्या डाव्या हातावर आला, सगळा आला, आणि तिथं थांबला. दांडा हलला नाही. मी श्वास धरून बघत होतो. आईनं तो हात आत घेतला, शाल गळ्याशी ओढून घेतली आणि मान मागं टाकून डोळे मिटले. उरलेल्या नऊ पायऱ्या तिनं हात बाहेर काढला नाही.